शहनाई लावली आणि पियानो वाजला: लिनक्सवर वाद्यांचे आवाज जुळवताना

मंगलाष्टकांच्या आधी वाजवायची म्हणून एका मित्रानं शहनाईची छोटी सुरावट तयार केली आणि मला मिडी फाइल पाठवली. त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर ती शहनाईतच वाजत होती. माझ्या लिनक्सवर उघडली तर पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत पियानो. सूर बरोबर, लय बरोबर, वाद्य भलतंच. मी आधी साउंड कार्डावर संशय घेतला, मग ऑडिओच्या सेटिंगवर, मग मित्रावर. दोन तासांनी टर्मिनलकडे लक्ष गेलं. मिडी वाजवणाऱ्या फ्लुइडसिंथ या सॉफ्टवेअरनं तिथे सुरुवातीलाच स्वच्छ लिहून ठेवलं होतं: बँक ०, प्रोग्रॅम १११ हे वाद्य सापडलं नाही, त्याच्या जागी बँक ०, प्रोग्रॅम ० लावलं आहे. प्रोग्रॅम म्हणजे वाद्याचा क्रमांक, बँक म्हणजे अशा क्रमांकांचा गट.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली आणि वाद्य कितव्या क्रमांकाचं, एवढंच तिच्यात असतं. ती नोटेशनची वही आहे. वाजवायला वादक लागतो आणि त्याच्या हातात वाद्य लागतं. संगणकावर वादक म्हणजे सॅम्पलर किंवा सिंथ नावाचं सॉफ्टवेअर आणि वाद्य म्हणजे आवाजाची फाइल. विंडोजमध्ये सगळी वाद्यं असलेली एक लहानशी फाइल कंपनीनंच घालून ठेवलेली असते, म्हणून मित्राला काही करावं लागलं नाही. मी मात्र पियानो फार गोड आहे म्हणून फक्त पियानो असलेली फाइल लावून बसलो होतो. वहीत शहनाई, हातात पियानो. वादकानं आहे ते वाजवलं.

'हा आवाज लिनक्सवर चालेल का?' असं मीही सुरुवातीला विचारायचो. प्रश्न फसवा आहे. मुळातलं ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा साध्या वेव्ह किंवा फ्लॅक फाइलींत असतं आणि त्या कुठेही वाजतात. अडतं ते त्यांच्याभोवतीच्या बांधणीत: कोणतं मुद्रण कोणत्या पट्टीवर, किती जोराला, कुठपर्यंत ताणायचं, ही माहिती कोणत्या पद्धतीनं लिहिली आहे आणि ती पद्धत सगळ्यांना खुली आहे की एकाच कंपनीच्या कुलपात आहे. म्हणून डाउनलोडचं बटण दाबण्याआधी फाइलच्या नावाचं शेपूट बघावं.

वाद्याची फाइल बनते कशी

पेटी घ्या. समजा, तिच्या तीन सप्तकांतल्या ३६ पट्ट्यांचा आवाज संगणकात आणायचा आहे. प्रत्येक पट्टी वेगळी मुद्रित करता येते, पण बहुतेक जण दर तिसरी पट्टी मुद्रित करतात आणि शेजारच्या दोन त्याच मुद्रणावरून काढतात. मुद्रण थोडं जलद वाजवलं की सूर चढतो, सावकाश वाजवलं की उतरतो. एका पट्टीला वेग सुमारे ५.९ टक्क्यांनी बदलतो, तेवढं कानाला खपतं. पण एकाच मुद्रणावर पूर्ण सप्तक काढलं तर वरच्या टोकाला वेग दुप्पट होतो, आवाज निम्म्या वेळात संपतो आणि पेटीची खेळण्यातली पिपाणी होते. फुकटच्या फाइलींत 'हे काहीतरी खोटं वाटतंय' असं वाटतं त्यामागे बहुतेकदा हाच आळस असतो.

दुसरी गोष्ट जोराची. पियानो हळू वाजवला की नुसता लहान होत नाही, त्याचा पोतच बदलतो. म्हणून एकच पट्टी वेगवेगळ्या जोरानं वाजवून थर केले जातात. सॅलमँडर ग्रँड पियानो हा अलेक्झांडर होल्म यांनी यामाहा सी-५ वरून मुद्रित केलेला, लिनक्सच्या दुनियेत सगळ्यांच्या परिचयाचा पियानो. त्यात दर तिसरी पट्टी आहे आणि प्रत्येकीचे १६ थर. ८८ पट्ट्यांत दर तिसरी म्हणजे ३० सूर, गुणिले १६ म्हणजे ४८० मुद्रणं. सेकंदाला ४८,००० नमुने, २४ बिट, दोन चॅनेल, म्हणजे एका सेकंदाला २,८८,००० बाइट. प्रत्येक सूर सरासरी १० सेकंद धरला तरी सव्वा जीबीच्या वर जातं. मोठ्या फाइलींचं वजन येतं ते इथून, उगाच फुगवून नव्हे.

तिसरी गोष्ट लूप. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर टिकतो, पण मुद्रण पाच सेकंदांचं. मग मधला एक तुकडा पुन्हापुन्हा फिरवतात. पेटीला हे जमतं. तानपुऱ्याला नाही, कारण जवारीतून एकेक स्वरांश हळूहळू उलगडत जातो आणि मधलाच तुकडा फिरवला की उलगडणं थांबतं, फ्रिजची घरघर उरते. तानपुऱ्याचा चारही तारांचा पूर्ण फेरा मुद्रित करून तो अख्खा फिरवावा.

शेपटं

लिनक्सवर सगळ्यात बिनबोभाट चालतं ते साउंडफॉन्ट, म्हणजे एसएफ२ हे शेपूट असलेली फाइल. ही कल्पना ई-म्यू आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांची. १९९४ मध्ये आलेल्या साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई-३२ या कार्डामुळे ती घरोघरी पोहोचली. त्या कार्डावर वाद्यांसाठी मूळची मेमरी होती ५१२ केबी, वाढवून २८ एमबीपर्यंत नेता यायची. आज तेच काम फ्लुइडसिंथ साध्या प्रोसेसरवर करतो आणि टर्मिनल नको असेल तर क्यूसिंथ हे त्याचं खिडकीवालं रूप आहे. एसएफ२ मध्ये मुद्रणं आणि मांडणी एकाच फाइलीत बांधलेली असते. उचलली, दुसऱ्या मशीनवर टाकली, वाजली.

डेबियन किंवा उबुंटूवर सुरुवात करायला इंटरनेटवर भटकायची गरज नाही. पॅकेज मॅनेजरमध्ये 'फ्लुइड-साउंडफॉन्ट-जीएम' शोधा. फ्रँक वेन यांचा हा संच सुमारे १४० एमबीचा आहे, त्यात जनरल मिडीची, म्हणजे मिडीच्या ठरलेल्या यादीतली, सगळी १२८ वाद्यं आहेत आणि परवाना एमआयटी, म्हणजे मोकळा, आहे. मशीन फारच जुनं असेल तर 'टिमजीएम६एमबी' नावाप्रमाणेच सुमारे ६ एमबीमध्ये सगळं उरकतो. आवाज कागदी, पण सुरावट तपासायला पुरतो. या दोघांच्या मधला, आकारानं बेताचा आणि समतोल आवाजाचा जनरलयूजर जीएस मला जास्त आवडतो. एस. ख्रिश्चन कॉलिन्स यांनी तो वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवला आहे. पॅकेजमधून आलेली फाइल 'यूएसआर'च्या आत 'शेअर', त्यात 'साउंड्स', त्यात 'एसएफ२' या फोल्डरमध्ये जाऊन बसते. ती होम फोल्डरमध्ये शोधून 'इन्स्टॉलच झाली नाही' म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

एसएफ३ म्हणजे तीच बांधणी, आतली मुद्रणं ऑग व्हॉर्बिस या पद्धतीनं आवळलेली. नोटेशन लिहिण्याच्या म्यूझस्कोअर या सॉफ्टवेअरनं ती रुळवली. आकार खूप कमी होतो, पण प्रत्येक जुन्या वादकाला ती वाचता येत नाही.

एसएफझेड हा प्रकार मला व्यक्तिशः सगळ्यात प्रिय, कारण त्यात लपवाछपवी नाही. एसएफझेड ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडसारख्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. मुद्रणं शेजारच्या फोल्डरमध्ये सुटी पडलेली असतात. आत एकेका मुद्रणामागे एक नोंद: ही वेव्ह फाइल घे, पट्टी ६० ते ६२ वर वापर, मूळ सूर ६१, जोर १ ते ६४ असेल तेव्हाच. ६१ म्हणजे काळी एक. बस्स. माझ्या पेटीची काळी एक जरा चढी होती. 'ट्यून'पुढे उणे १२ लिहिलं, म्हणजे १२ सेंटनं खाली, आणि पेटी दुरुस्तीवाल्याकडे न नेता सुरात आली. दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात.

एसएफझेड वाजवायला सफिझ हा मोकळा वादक घ्यावा. तो प्लगइन म्हणून आर्डर या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सहज बसतो. लिनक्ससॅम्पलरही वाजवतो आणि तो मोठी मुद्रणं आख्खी रॅममध्ये न भरता डिस्कवरून लागेल तशी ओढतो. त्याच्या परवान्यात मात्र व्यापारी उत्पादनात वापरण्यावर बंधन आहे, म्हणून लिनक्सच्या काही डिस्ट्रोंच्या, म्हणजे डेबियन-उबुंटूसारख्या प्रकारांच्या, भांडारात तो सापडत नाही. एलएमएमएस या संगीत रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये साउंडफॉन्टचा वादक आतच असतो, एसएफझेडसाठी प्लगइन चालवणारा 'कार्ला' मधे दुवा म्हणून लागतो. म्यूझस्कोअरची गंमत अशी की जुन्या आवृत्त्या एसएफझेड वाचायच्या, चौथ्या आवृत्तीनं ते सोडलं. त्यामुळे जुना सल्ला वाचून कुणी डोकं आपटत असेल तर चूक त्याची नाही.

आता एसएफझेडचं दुखणं. एकदा एक बेस गिटार उतरवली. ४० पट्ट्यांपैकी दोनच वाजत होत्या. फाइल उघडून पाहिली तर मांडणीत मुद्रणांची नावं कॅपिटल अक्षरांत आणि फोल्डरमध्ये तीच नावं स्मॉल अक्षरांत. बनवणाऱ्यानं विंडोजवर बनवलेली, तिथे दोन्ही एकच. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी नावं वाटतात. त्या दोन पट्ट्या वाजत होत्या कारण तिथे टंकताना योगायोगानं अक्षरं जुळली होती. काही वादक असं सांभाळून घेतात, काही नाही. 'शोधा आणि बदला' वापरून पाच मिनिटांत काम झालं. फोल्डरच्या नावांमधला विंडोजचा उलटा स्लॅशही असाच तपासावा. आणि एसएफझेड फाइल एकटीच उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली की ती मुकी होते, कारण मुद्रणं मागेच राहतात.

सप्तकाचा एक घोळही याच घरचा. मिडीतला ६० क्रमांकाचा मधला सूर (पांढरी एक) कुणी सी-४ म्हणतं, यामाहाच्या पद्धतीत तो सी-३. एसएफझेड सी-४ मानतो. दुसऱ्या पद्धतीनं नावं दिलेली मुद्रणं तशीच बसवली की अख्खं वाद्य एक सप्तक खाली किंवा वर जातं. क्रमांक लिहावा, भांडण मिटतं.

बाकीची शेपटं पटापट. जीआयजी म्हणजे जुन्या गिगासॅम्पलरची फाइल. मूळ सॉफ्टवेअर कधीच बंद पडलं, लिनक्ससॅम्पलर मात्र ती अजून वाजवतो. एचटूड्रमकिट हे हायड्रोजन या ताल-यंत्राचं शेपूट आहे. ती खरं तर आवळलेली टार फाइल आहे, उघडली की आत वेव्ह. ड्रमगिझमो खऱ्या ड्रमसेटच्या प्रत्येक माइकचा वेगळा चॅनेल देतो, त्याचे संच जड असतात. एसएफआर्क हे इंटरनेट मंद होतं तेव्हाचं आवळण, साउंडफॉन्ट दुरुस्त करायचं पॉलिफोन हे साधन ते उघडतं. डिसेंट सॅम्पलर मोफत आहे, मुक्त नाही, पण त्याची लिनक्स आवृत्ती आहे आणि त्याची मांडणीही वाचता येण्याजोग्या मजकुरातच असते.

आणि एनकेआय, म्हणजे कॉन्टॅक्ट. बाजारातली निम्मी चमकदार जाहिरात याच शेपटाची असते. ती फाइल कॉन्टॅक्ट या वादकाशिवाय वाजत नाही आणि कॉन्टॅक्टची लिनक्स आवृत्ती नाही. विंडोजची सॉफ्टवेअर आणि प्लगइन लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन आणि याब्रिज यांच्या कुबड्या लावून काहींना जमतं. मला कधी जमतं, कधी अपडेटनंतर बंद पडतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी असल्या गोष्टीवर भरवसा ठेवत नाही. विकत घेण्याआधी मुद्रणं उघड्या वेव्हमध्ये आहेत की कुलूपबंद डब्यात, हे विचारून घ्यावं. उघडी असतील तर कन्व्हर्टविथमॉससारखं साधन मांडणी एसएफझेडमध्ये आणून देऊ शकतं, परवान्यानं तशी मुभा दिली असेल तर.

एक शेवटची फसगत. एकदा ३५ एमबीचा म्हणून सांगितलेला साउंडफॉन्ट उतरवला, काही केल्या उघडेना. आकार पाहिला तर ४० केबी. आत होतं लॉगिनचं वेबपान, शेपूट तेवढं एसएफ२. टर्मिनलमधल्या 'फाइल' या आज्ञेला विचारलं असतं तर तिनं एका ओळीत सांगितलं असतं की हा साउंडफॉन्ट नाही, एचटीएमएल आहे. शेपूट खोटं बोलू शकतं, आतले पहिले काही बाइट सहसा बोलत नाहीत.

क्रमांकांचा खेळ

तर शहनाई. १९९१ च्या जनरल मिडीनं १२८ वाद्यांना क्रमांक वाटले. १ पियानो, ४१ व्हायोलिन, ७४ बासरी. आपल्याकडची दोन वाद्यं यादीत आहेत: १०५ सितार आणि ११२ शहनाई. पेटीला थेट जागा नाही, २१ क्रमांकाचा रीड ऑर्गन तिच्या जवळचा. तबला, मृदंग, ढोलकी यांना काहीच नाही. ताल १० व्या चॅनेलवर, तिथे पाश्चात्त्य ड्रमसेट.

यादी १ पासून मोजते, सॉफ्टवेअर आतून ० पासून. म्हणून फ्लुइडसिंथनं ११२ ऐवजी १११ म्हटलं.

मी एकट्या शहनाईचा एक साउंडफॉन्ट मिळवला आणि क्यूसिंथमध्ये फ्लुइडच्या संचावर चढवला. आता शहनाईच्या जागी शहनाई वाजली, पण ती फ्लुइडच्या संचातली. माझी नवी शहनाई मात्र सुरावटीत जिथे पियानोची साथ होती तिथे ऐकू येऊ लागली. एका वाद्याच्या फाइलींत ते वाद्य बहुतेकदा बँक ०, प्रोग्रॅम ० वर ठेवलेलं असतं, म्हणजे पियानोच्या खुर्चीत. शेवटी चढवलेली फाइल आधी तपासली जाते, त्यामुळे पियानो मागणाऱ्याला शहनाई मिळाली. उपाय दोन. क्यूसिंथमध्ये त्या फाइलीला बँकेचा ऑफसेट द्यावा, म्हणजे तिचे बँक क्रमांक पुढे सरकवावेत, किंवा पॉलिफोनमध्ये उघडून प्रोग्रॅमचा क्रमांक बदलावा. मी पॉलिफोन घेतला, घाईत ११२ टाकलं आणि पियानो परत जागेवर आला, पण नव्या शहनाईचा पत्ता नाही. ती घंटीच्या खुर्चीत जाऊन बसली होती, कारण ० पासून मोजलं की ११२ वर टिंकल बेल येते. मग १११.

ड्रमच्या फाइलींचंही असंच. साउंडफॉन्टमध्ये ताल बँक १२८ वर असावा लागतो. बनवणाऱ्यानं तो बँक ० वर ठेवला असेल तर १० व्या चॅनेलवरून त्याला कितीही हाका मारा, तो ओ देत नाही.

परवान्याबद्दल एवढंच: 'फ्री डाउनलोड' हा परवाना नव्हे. जुने कितीतरी साउंडफॉन्ट महागड्या सिंथमधून किंवा व्हिडिओ गेममधून उचललेले आहेत. घरी रियाझाला कुणी विचारणार नाही, पण गाणं प्रसिद्ध करणार असाल तर सीसी-शून्य (म्हणजे कोणतीही अट नसलेला) किंवा नाव देण्याच्या अटीचा परवाना शोधा. व्हर्सिलियन स्टुडिओजचा व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन हा ऑर्केस्ट्रा सीसी-शून्य आहे आणि एसएफझेडमध्ये मिळतो. व्हायोलिनचा ताफा हवा असेल तर मी तिथूनच सुरुवात करतो.

शहनाई ऐकून मित्र खूष झाला आणि म्हणाला, "आता एक ढोलकी पण टाक की रे." ढोलकीला क्रमांकच नाही. उतरवलेल्या दोन संचांत 'ना' बरा होता, पण सलग वाजवला की शिलाई मशीन. हुबेहूब तोच ठोका प्रत्येक वेळी, हाताला असं जमतच नाही. शेवटी गल्लीतल्या एका ढोलकीवाल्याला चहा पाजून मोबाइलवर मुद्रण केलं. 'ना' तीन वेळा, 'गे' तीन वेळा, थापा वेगळ्या. डाव्या हाताचा घिस्सा वेगळ्या पट्टीवर ठेवला, कारण पिच बेंडनं, म्हणजे मिडीतून सूर वर-खाली सरकवून, केलेला घिस्सा कुणालाही फसवत नाही. ऑडॅसिटी या मुद्रण कापण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याच्या आधीची शांतता कापली, नाहीतर ठोका उशिरा पडतो. मग एसएफझेड. त्यात तीन 'ना' आळीपाळीनं फिरवायची सोय आहे, जी एसएफ२ मध्ये नाही, आणि 'के' वाजला की घुमत असलेला 'गे' लगेच दाबायचीही. सगळं मिळून ६० ओळी झाल्या.

मुद्रणाच्या वेळी पंखा बंद करायला विसरलो होतो. तिसऱ्या 'ना'च्या शेपटीला तो अजून ऐकू येतो.